गर्दीच्या काळातले दफ्तर : इंदूरचे कागद युद्धांतून कसे वाचले

इंदूरच्या अठराव्या शतकाबद्दल कुणी मनापासून काही लिहायला घेतले की त्याला पुण्याची गाडी पकडावी लागते. अहिल्याबाईंच्या दरबारात काय चालले होते, हे आपल्याला बऱ्याच अंशी कळते ते पेशव्यांच्या वकिलांनी महेश्वराहून पुण्याला धाडलेल्या बातमीपत्रांवरून. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या घराण्याचे कागद पुणे जिल्ह्यात राहिले. भारत इतिहास संशोधक मंडळाने द. वि. आपटे यांच्याकडून ते संपादून १९२० साली छापले. नाना फडणिसांचे दफ्तर वाईजवळ मेणवलीला. माळव्यालगतच्या राजकारणाबद्दल बरेच काही सांगणारे गुळगुळे दफ्तर कोट्याला. इंदूरचे कागद इंदूर सोडून सगळीकडे सापडतात, अशी आमच्या मंडळात एक जुनी थट्टा आहे.

या थट्टेमागे काय आहे, ते सांगण्यासाठी हे टिपण. लढाई आली की सरकारी कागदांचे काय होते? विशेषतः गावच्या आणि परगण्याच्या साध्या कागदांचे? राजेरजवाड्यांचे तह, खलिते कुणीतरी जपतोच. पण कुणाचे शेत कुठवर, कुणाचे घर किती हात, कुणाला किती माफी, कोणत्या विहिरीवर कुणाचा हक्क, हे ज्या कागदांत असते ते कागद कोण उचलून नेणार? माझे म्हणणे थोडक्यात असे की, इथे वाचले ते सगळ्यात भक्कम वाड्यात ठेवलेले कागद नव्हेत. ज्यांची नक्कल दुसऱ्या कुणाच्या हाती होती, ते वाचले.

आधी ही व्यवस्था कशी होती ते बघू. महाराष्ट्रात गावाला पाटील-कुलकर्णी आणि परगण्याला देशमुख-देशपांडे. माळव्यात गावाला पटेल आणि पटवारी, परगण्याला मंडलोई आणि कानूनगो. नावे वेगळी, काम साधारण तेच. मंडलोई हा परगण्याचा जमीनदार, कानूनगो हा हिशेब आणि नोंदी राखणारा. मराठी अंमल बसला तेव्हा या मंडळींना कुणी उठवले नाही. त्यांच्या डोक्यावर कमाविसदार आला, त्याच्याबरोबर फडणीस आला, आणि वर हुजूर दफ्तर. जुन्या इंदुरातले मंडलोई घराणे मराठ्यांच्या आधीपासूनचे, मोगल अमदानीतले. म्हणजे एकाच परगण्याच्या जमाबंदीचे आकडे निदान तीन-चार ठिकाणी लिहिलेले असत. पटवाऱ्याच्या बस्त्यात, कानूनगोच्या घरी, कमाविसदाराच्या कचेरीत आणि हुजुरात. लिपीही सगळीकडे सारखी नसे. वर मोडी, खाली बऱ्याचदा स्थानिक लिपी, जुने कागद फारसी.

ही पुनरावृत्ती कुणी युद्धाचा विचार करून ठरवली असेल असे मला वाटत नाही. ती मुख्यतः अविश्वासातून आलेली. कमाविसदाराने पैसे खाल्ले तर कानूनगोच्या आकड्यांवरून पकडता यावा, कानूनगोने चलाखी केली तर फडणिसाच्या कीर्दीवरून. ताळा लावायचा तर दोन कागद हवेतच. पण परिणाम असा झाला की एक जागा जळाली तरी परगणा पार कोरा होत नसे.

इनामाच्या सनदांचे तर आणखी छान आहे. मोडी शिकायला लागल्यावर सुरुवातीलाच ज्या ठरावीक वाक्यांनी मला पिडले त्यांत एक हे होते : दरवर्षी नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची प्रत लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्यावे. शेकडो सनदांच्या शेवटी हाच मजकूर येतो. वाचणारा तो ओलांडून पुढे जातो, कारण सगळीकडे सारखाच. पण थांबून विचार केला तर कळते की हे अभिलेख जपण्याचे एक पक्के धोरण आहे. अस्सल कागद ज्याचा हक्क त्याच्या घरी, आणि नक्कल सरकारात. शिवाय एकाच इनामाची पत्रे एकट्या इनामदाराला जात नसत. गावच्या मोकदमाला वेगळे पत्र, देशमुख-देशपांड्यांना वेगळे, आजच्या आणि पुढे येणाऱ्या कमाविसदारांना वेगळे. एका निर्णयाचे चार-पाच कागद, चार-पाच घरांत. शत्रूने एक वाडा जाळला तर एक कागद गेला.

तरीही कागद जात. आणि गेले की माणसे हुजुरात येत. वतनाच्या भांडणांचे जुने निवाडे वाचले तर एक कैफियत परतपरत भेटते : धामधुमीत आमची पत्रे गेली. कधी मोगलांच्या धामधुमीत, कधी गनिमाच्या, कधी नुसत्याच. गाव पळाला, आम्ही डोंगरात गेलो, परत आलो तर घर जळालेले. मग सरकार काय करी? गोत बसवी. शेजारच्या गावांचे पाटील, बलुतेदार, जाणती माणसे यांच्या साक्षी होत, महजर होई, इतरांच्या घरी असलेल्या पत्रांशी ताळा पाहिला जाई आणि मग नवे पत्र मिळे. अर्थात या वाटेने लबाडही शिरत. धामधुमीत हरवले म्हणणारा प्रत्येक जण खरा नसे, आणि धामधुमीनंतर नेमका सापडलेला प्रत्येक कागदही खरा नसे. युद्धानंतरच्या पाच-दहा वर्षांतले बनावट कागद हा एक वेगळाच विषय आहे. इथे एवढेच लक्षात ठेवायचे की, बनावट पकडला जायचा तोही दुसऱ्याच्या दप्तरातल्या नकलेमुळे.

केंद्र जळते तेव्हा

याच्या उलट, सगळे एके ठिकाणी आणून सुरक्षित ठेवायचे म्हटले की काय होते त्याचे मोठे उदाहरण इंदूरचे नाही, पुण्याचे आहे. होळकरांचा सगळा पत्रव्यवहार पुण्याशी असल्यामुळे ते आपल्यालाही लागू पडते. १७६३ साली निजामअली आणि जानोजी भोसले पुण्यावर चालून आले. पेशव्यांच्या माणसांनी कुटुंबकबिला आणि चीजवस्तू सिंहगडाकडे हलवली. विचार बरोबरच होता; गडावर कोण येतो? पण शत्रूची एक टोळी गडाच्या पायथ्याच्या गावावर गेली आणि तिने ते जाळले. मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद तिथे नष्ट झाले, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. पुण्यातून हलवले म्हणून वाचले असे नाही झाले, हलवले तिथेच जळाले.

पुढे १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुण्याचे दफ्तर ताब्यात घेतले. त्या दफ्तराची दुसऱ्या बाजीरावाच्या काळात किती आबाळ झाली होती हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आले. नाना फडणिसांच्या अमदानीपर्यंतचे रुमाल नीट, त्यानंतरचे विस्कळीत. म्हणजे लढाईने जेवढे गेले त्यापेक्षा काही कमी बेफिकिरीने गेले नाही. तरी जे उरले ते अफाट. सरदेसाईंनी १९३०च्या आसपास त्यात हात घातला तेव्हा रुमालांची संख्या ३५,०००च्या घरात होती. त्यातून निवडून काढलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. इंदूरकर पुण्याला धावतात ते यासाठी.

आता आपल्या गावाकडे. १८०१चा जुलै. यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहराकडून जबर खंडणी काढली. त्याचा सूड म्हणून दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे फौज घेऊन इंदूरवर आले. १४ ऑक्टोबरला लढाई झाली, यशवंतराव हरले, आणि इंदूर लुटले गेले, जाळले गेले. राजवाडा त्यात होरपळला. (राजवाडा एकूण तीन वेळा आगीत सापडला असे सांगतात. शेवटची आग १९८४ची, ती आपल्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे.) त्या लुटीच्या वर्णनांत सोने, घोडे, माणसे येतात, कागदांचा उल्लेख कुणी कशाला करील? लुटारूला कागद नको असतो. पण वाडा जळतो तेव्हा पहिल्यांदा पेट घेतो तो कापडात बांधलेला कोरडा रुमालच.

मात्र त्या वेळी होळकरांचा दरबार एकट्या इंदुरात बसलेला नव्हता, ही गोष्ट कागदांच्या बाबतीत कामी आली. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. त्यांच्यानंतर सत्ता छावणीबरोबर फिरू लागली. यशवंतरावांनी भानपुऱ्याला तोफांचा कारखाना काढला आणि २८ ऑक्टोबर १८११ला त्यांचे निधनही तिथेच झाले. फिरत्या छावणीत दफ्तर उंटांवर. ही पद्धत एका अर्थाने वाईट, कारण छावणी लुटली की उंटावरचे सगळे गेले. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला तेच झाले. होळकरांची तोफांसकट छावणी इंग्रजांच्या हाती पडली. पंधरा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ला, मंदसोरचा तह. होळकरांच्या बाजूने तो जमवणारे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. त्यांच्यापुढे मोठा प्रश्न पैशाचा होता हे सगळे सांगतात. पण पैसा कुठून यायचा हे कळायलाही आधी कागद हवा. कोणत्या परगण्याची बेरीज किती होती, किती उजाड झाले, कुणाकडे काय बाकी?

माळव्यात त्या मधल्या वर्षांना 'गर्दी का वक्त' म्हणत. इथे गर्दी म्हणजे माणसांची दाटी नव्हे, धुमाकूळ. पेंढारी, फौजा, खंडण्या. गावेच्या गावे उठून गेली. सर जॉन माल्कम यांनी पुढे १८२३ मध्ये 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' छापले. त्यातला एक भाग मला प्रत्येक वेळी थांबवतो. शांतता झाल्यावर लोक परत यायला लागले. काही गावे तीस-तीस वर्षे ओसाड. उठून गेलेला पटेल केव्हाच मेला होता. त्याच्या मुलाचा किंवा नातवाचा लहानगा वारस उचलून घोळक्याच्या पुढे आणला जाई, आणि मग लोक आपापली भिंत, आपापले शेत ओळखून ताब्यात घेत, तेही फारशी भांडणे न होता. माल्कमना याचे फार कौतुक वाटले. मला यात दुसरे काही दिसते. ते पोर म्हणजे गावाची सनद होती. कागद जळाले तरी हा अमक्याचा नातू, हे सांगणारी पन्नास माणसे बरोबर चालत होती. आणि जिथे माणसे आणि मंडलोई-कानूनगोंची घरे दोन्ही उरली, तिथे नव्या कारभाराला जुने आकडे मिळाले. हुजुराचे दफ्तर शाबूत असणे ही त्यात अट नव्हती.

इंदूर खऱ्या अर्थाने राजधानी झाले ते या १८१८ नंतर. राजवाडा पुन्हा उभा राहिला, कचेऱ्या स्थिर झाल्या, आणि कागदही एका जागी जमायला लागले.

१८५७बद्दल थोडेच सांगतो. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, कर्नल ड्युरँड बायकामुलांसह सीहोरकडे निघून गेले, खजिना लुटला गेला. हे आपल्या वाचकांना तोंडपाठ असेल. त्या वर्षाचा कागदांशी संबंध वेगळ्या कारणाने आहे. उत्तर हिंदुस्थानात अनेक ठिकाणी लोकांनी कचेऱ्यांची दफ्तरे आणि सावकारांच्या बह्या मुद्दाम जाळल्या. तिथे कागद चुकून जळाले नाहीत. लिलावात गेलेले शेत, चढलेले व्याज, नव्या जमीनदाराचे नाव, हे सगळे त्या कागदांत होते. सरकारी दफ्तर जपण्याबद्दल बोलताना आपण इतिहासप्रेमी मंडळी जरा भाबडेपणाने धरून चालतो की कागद सगळ्यांनाच प्रिय असतात. तसे नाही. ज्याच्या विरुद्ध कागद आहे, त्याला आग बरी वाटते. आणि उलटही झाले : बंडाशी नाव जोडले जाईल या भीतीने घरातल्यांनीच आपली पत्रे चुलीत घातली, अशा हकिकती मराठी घरांतून आजही ऐकायला मिळतात. सरकारी दफ्तराबाहेरची नक्कल जाते ती बहुधा अशी.

छापखाना

आधी नक्कल म्हणजे कारकुनाने हाताने केलेली. मग छापखाने आले आणि हिशेब बदलला. इंदूरची नगरपालिका १८७० मध्ये तुकोजीराव दुसरे यांच्या काळात सुरू झाली. बक्षी खुमानसिंह पहिले अध्यक्ष. पालिकेचे हस्तलिखित कागद एका इमारतीत राहणार, पण छापलेला अहवाल शंभर ठिकाणी जाणार.

याचे सगळ्यात सुरेख उदाहरण पॅट्रिक गेडिस. त्यांनी इंदूर दरबारासाठी केलेला शहररचनेचा अहवाल १९१८ साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना, होळकर सरकारच्या छापखान्यात दोन भागांत छापला गेला. नद्या, घाट, गल्ल्या, मोहल्ले, प्लेग, सांडपाणी : शंभर वर्षांपूर्वीच्या इंदूरचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे नाही. आणि आज तो अहवाल जगभरच्या ग्रंथालयांत आहे. इंदुरातल्या सगळ्या प्रती उद्या नाहीशा झाल्या तरी तो जाणार नाही.

पण गेडिस हिंदुस्थानात आले त्याची कथाच आपल्या विषयाची आहे. १९१४ मध्ये ते आपले शहररचनेचे प्रदर्शन घेऊन मद्रासला यायचे होते. अनेक शहरांचे नकाशे, आराखडे, चित्रे असा वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह 'क्लॅन ग्रँट' नावाच्या जहाजावर चढवला होता. महायुद्ध सुरू झालेलेच होते. जर्मन युद्धनौका 'एम्डेन' हिंदी महासागरात धुमाकूळ घालत होती. सप्टेंबरात तिने मद्रासवर तोफा डागल्या होत्या. १६ ऑक्टोबर १९१४ला मिनिकॉय बेटाच्या पश्चिमेला तिने 'क्लॅन ग्रँट' गाठले आणि बुडवले. सगळा संग्रह समुद्राच्या तळाशी. गेडिस स्वतः दुसऱ्या वाटेने पोचले होते. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून परत गेला असता. पण ब्रिटनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भराभर नवा संग्रह उभा केला आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरले. हे शक्य झाले कारण त्या संग्रहातल्या पुष्कळ गोष्टींच्या प्रती, किंवा त्या तोडीचे दुसरे नकाशे, त्या त्या शहरांत, पालिकांत आणि सहकाऱ्यांकडे होते. जे एकच होते ते मात्र कायमचे गेले. तीन वर्षांनी हाच माणूस कान्ह नदीच्या काठाने हिंडत इंदूरचा अहवाल लिहीत होता.

दुसऱ्या महायुद्धात इंदूरवर बाँब पडला नाही. पण किनाऱ्यावरच्या शहरांत खरी भीती होती. १९४२ मध्ये जपानी हल्ल्याच्या धाकाने मद्रास सरकारने आपले अभिलेख आत चित्तूरकडे हलवले. लंडनच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसने तर कागद खेड्यांत, गढ्यांत आणि चक्क एका तुरुंगात ठेवले; अकराव्या शतकातले 'डोम्सडे बुक' शेप्टन मॅलेटच्या तुरुंगात जाऊन बसले होते. (कैद्यांपेक्षा चांगली खोली मिळाली असावी.) बाँबपेक्षा एक साधा धोका मात्र सगळीकडे होता, तो रद्दीचा. युद्धात कागदाचा तुटवडा. इंग्लंडात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, आणि स्थानिक पालिका-कचेऱ्यांतल्या जुन्या वह्या लगद्यात जाऊ नयेत म्हणून अभिलेखांची काळजी असणाऱ्यांना सरकारकडे धाव घ्यावी लागली. आपल्याकडेही गिरण्यांतला बहुतेक कागद सरकारच उचलत होते, आणि पुस्तक छापणे ही चैन झाली होती.

आणि नेमके त्याच वर्षांत, १९४४ आणि १९४५ साली, वा. वा. ठाकूर यांनी संपादलेले 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने'चे दोन भाग इंदुरात निघाले. जुनी मराठी पत्रे, मोडीतून बाळबोधीत आणलेली. युद्धाच्या टंचाईत एका संस्थानाने दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रांवर कागद खर्च करावा, याचे मला फार अप्रूप वाटते. ठाकूरांना पुढे काय होणार हे माहीत नव्हते. १९४६च्या डिसेंबरात भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाचे तेविसावे अधिवेशन इंदुरात भरले. दीड वर्षाने, २८ मे १९४८ला, मध्यभारत अस्तित्वात आला आणि होळकर राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ला राजधानी भोपाळ. प्रत्येक वेळी खाती हलली, कपाटे हलली, खोल्या रिकाम्या करून हव्या झाल्या. युद्ध नाही, आग नाही, पण दफ्तर हलले की त्यातून काही ना काही गळतेच. छापलेले दोन भाग मात्र जिथल्या तिथे आहेत.

केंद्रीकरणाबद्दल मी जरा जास्तच कडवटपणे बोलतो असे मंडळातले काही मित्र म्हणतात. त्यांना मी डब्लिन दाखवतो. आयर्लंडने आपले शतकानुशतकांचे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये, खास बांधलेल्या अभिलेखागारात आणून ठेवले होते. व्यवस्था उत्तम. जून १९२२मध्ये यादवी युद्धात तिथे लढाई झाली, स्फोट झाला आणि सात शतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. चर्चच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या वह्याही कायद्याने तिथे जमा व्हायच्या होत्या. ज्या पॅरिशांनी आपली वही आमच्याकडेच राहू द्या म्हणून परवानगी मिळवली होती, त्यांच्या वाचल्या. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, आयर्लंडने हे नष्ट अभिलेखागार संगणकावर पुन्हा उभे करून खुले केले, ते जगभर विखुरलेल्या नकलांवरून. आपल्या सनदेच्या शेवटच्या ओळीची आठवण होते की नाही बघा.

हे सगळे इतिहासाच्या हौसेपुरते आहे असे कुणी समजू नये. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांना इकडे जमीन द्यायची, तर तिकडे त्यांची किती होती हे कसे ठरवणार? लोक सांगतील ते लिहून घेतले, पण पडताळा लागतोच. शेवटी दोन्ही पंजाबांनी जमाबंदीच्या नकला एकमेकांना दिल्या आणि दावे त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. नुकतीच एकमेकांची माणसे मारली गेली होती, आणि तरी पटवाऱ्याचा कागद सीमेपलीकडून आला. ज्याच्या नावाची ओळ त्या नकलेत सापडली त्याला वाटप झाले. आपल्या इंदुरातल्या सिंधी वस्त्यांमधल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मागे सोडलेल्या घराचा कागद बरोबर होता की नाही याने त्यांच्या कुटुंबात काय फरक पडला.

आज

७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. इंदूरही त्यात होते. संध्याकाळी भोंगे वाजले, दिवे मालवले. माणसांना कुठे न्यायचे, जखमींना कसे उचलायचे याचा सराव झाला, आणि तो तसाच व्हायला हवा. कागदांचा सराव अर्थातच नव्हता. युद्धात सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा हेगचा करार १९५४चा. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. त्यात अभिलेखांचे महत्त्वाचे संग्रहही येतात, आणि तयारी शांततेच्या काळातच करायची हेही स्वच्छ लिहिले आहे. आपला सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३चा, पण तो केंद्र सरकार आणि केंद्रशासित प्रदेशांच्या कागदांना लागू. नगरपालिकेची ठरावबुके, घरपट्टीची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या वह्या त्याच्या कक्षेत नाहीत.

संगणकावर चढवले की झाले, असे हल्ली ऐकू येते. झाले, पण अर्धेच. एकाच शहरातल्या एकाच यंत्रात सगळे चढवले, तर तो नवा सिंहगडचा पायथा. युक्रेनच्या संसदेने फेब्रुवारी २०२२मध्ये, हल्ल्याच्या तोंडावर, सरकारी माहिती देशाबाहेरही ठेवता येईल असा कायदा केला. नकला सीमेपार गेल्या म्हणून पुढे लढाईतही कारभार चालू राहिला. एस्टोनियाने तर लक्झेंबर्गमध्ये वकिलातीसारखी जागा घेऊन आपल्या नोंदींची प्रत ठेवली आहे. महेश्वरच्या दरबाराची बातमी पुण्यात सुरक्षित राहिली त्याच न्यायाने.

आमच्यासारख्या लहान मंडळाला यात करता येण्याजोगे काम म्हणजे फेरिस्त. कुठल्या घरी, कुठल्या संस्थेत, कुठल्या कपाटात कोणते रुमाल आहेत याची नुसती यादी. काय होते हेच ठाऊक नसेल तर काय गेले ते कधी कळणार नाही. आम्ही प्रत्येक यादीच्या तीन प्रती ठेवतो : एक ज्याचे कागद त्याच्याकडे, एक इंदुरात मंडळाकडे, एक इंदूरबाहेर राहणाऱ्या सभासदाकडे. छायाचित्रे त्यानंतर.

तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत काही असेल तर एवढे करा. रुमालाची गाठ आणि आतला क्रम मोडू नका. कोणता कागद कशाशेजारी होता यावरूनही तारखा लागतात. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि चिकटपट्टीही नको. फोटो काढताना दोन्ही बाजू घ्या, कारण मोडी कागदाच्या पाठीवरच बहुधा पोचल्याची तारीख असते. आणि वाचता येत नाही म्हणून फेकू नका. दर महिन्याला मोडी वाचनाला आम्ही बसतो, तिथे घेऊन या. अस्सल पत्र वाचून, नक्कल उतरून घेऊन, भोगवट्याला तुमच्याकडेच परत दिले जाईल.